पेरणी ते संक्रांत: हिवाळी बाग, हातपाय आणि दात

महाराष्ट्रात घरच्या घरी भाजी पिकवायला दिवाळी ते होळी यासारखा काळ नाही. पावसाळ्यातला चिखल आणि बुरशी मागे पडलेली असते, ऊन सोसवतं, आणि पालेभाज्यांना हवी तशी थंड रात्र मिळते. ज्यांनी आजवर काहीच लावलं नाही त्यांनी सुरुवात याच दिवसांत करावी, असं मी भेटेल त्याला सांगते. मेथी चार-पाच दिवसांत वर येते आणि महिनाभरात एक जुडी हातात पडते. नवशिक्याला एवढं यश पुढच्या हंगामापर्यंत पुरतं.

याच दिवसांत दोन तक्रारीही वाढतात. एक बागकामातल्या लहानमोठ्या अपघातांची: बोटात काटा, कमरेत उसण, ओल्या गच्चीवर घसरलेला पाय. दुसरी दातांची, कारण सकाळचं पाणी गार असतं आणि घरात ऊस, चिक्की, हुरडा, पेरू, बोरं यांची रेलचेल असते. बाग करणाऱ्यांच्या घरात या दोन्ही तक्रारी सोबतच नांदतात. माझ्या ओळखीतली बहुतेक बागवेडी माणसं पन्नाशी-साठी ओलांडलेली आहेत. कुणाच्या दाढेला कॅप, कुणाला साखर, कुणाची रक्त पातळ करणारी गोळी चालू. रोपाच्या पानावर एक ठिपका दिसला तरी अस्वस्थ होणारी ही माणसं ठणकणारी दाढ मात्र तीन-तीन महिने अंगावर काढतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज बागेचं आणि दातांचं एकत्रच बोलते.

आधी माती

कुंडीत नुसती शेतातली काळी माती भरू नका. देशावरची काळी माती पाणी धरून ठेवते, वाळली की दगडासारखी घट्ट होते आणि मुळं गुदमरतात. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड, हे मिश्रण बहुतेक भाज्यांना चालतं. कोकणातल्या जांभ्या मातीत पाणी थांबत नाही, तिथे खताचं प्रमाण वाढवावं. खत कच्चं असेल तर हाताला उबदार लागतं आणि वासही येतो. असं खत रोपं जाळतं, त्याला आणखी महिनाभर कुजू द्या. कोरडं खत आणि कोकोपीट कालवताना धूळ उडते, म्हणून आधी पाणी शिंपडा आणि नाकातोंडावर रुमाल बांधा.

जागा ठरवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मे महिन्यात उन्हात न्हाणारी उत्तरेची बाल्कनी डिसेंबरात दिवसभर सावलीत जाते आणि दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं. समोरच्या इमारतीची सावलीही लांबते. कुंड्या मांडण्याआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता ऊन कुठे पडतं ते बघून या. फळभाज्यांना पाच-सहा तास तरी ऊन हवं. पालेभाज्या तीन-चार तासांवरही भागवून घेतात.

धणे पेरताना लाटण्याने किंवा तळहाताने हलकेच रगडून त्यांच्या दोन फोडी करा आणि रात्रभर भिजवा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, त्यामुळे आठवडाभरात काही दिसलं नाही म्हणून कुंडी उकरू नका. मेथीला पाच-सहा तास भिजवणं पुरतं. पालकाची पहिली कापणी पाच आठवड्यांनी येते आणि बुडाशी दोन बोटं ठेवून कापलात तर तोच पालक पुन्हा फुटतो. मुळा चाळीस-पन्नास दिवसांत तयार. गाजराचं बी मात्र जिथे वाढवायचं तिथेच टाका, कारण रोप उपटून दुसरीकडे लावलं की गाजर वेडंवाकडं होतं. बी फार बारीक असतं. ते कोरड्या वाळूत मिसळून पेरलं की दाटी होत नाही. तरी नंतर विरळणी करावीच लागते. दोन गाजरांमध्ये दोन-तीन इंच अंतर आणि कुंडीला किमान एक फूट खोली हवी.

टोमॅटो, कोबी, फ्लॉवर यांची रोपं चार आठवड्यांची झाली की हलवावीत. टोमॅटोचं रोप खालच्या पानांपर्यंत मातीत गाडलं तरी चालतं, त्याच्या खोडाला मुळं फुटतात. मटार थंडीचा लोभी आहे. पारा तिशीच्या वर गेला की त्याची फुलं गळतात, त्यामुळे मुंबईकरांनी त्याच्या नादी फार लागू नये. नाशिक, पुणे, साताऱ्याकडे तो छान येतो. कोकणात भात कापल्यावर मातीत उरलेल्या ओलीवर वाल-पावटा येतो, त्याचे परसात दोन-चार वेल तरी असावेतच.

पाणी सकाळी ऊन वर आल्यावर घाला. संध्याकाळी पानं भिजली की रात्रभर ओली राहतात आणि बुरशी धरते. मातीत बोट पेराएवढं खुपसून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. हिवाळ्यात कुंड्या तहानेने कमी आणि जास्त पाण्याने जास्त मरतात. निफाडच्या बाजूला कडाका पडला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात आणि बागेला पाणी सोडलं जातं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. घरच्या चार कुंड्यांना तेवढं नको. नागपूर-नाशिककडच्यांनी कोवळ्या रोपांवर रात्री जुनी सुती साडी टाकावी आणि सकाळी काढावी, एवढं पुरे.

ढगाळ दिवस आले की कोबी-मोहरीच्या पानामागे मावा बसतो. आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा. त्याने भागलं नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे काही थेंब, ऊन उतरल्यावर. एका पानावर करून बघून मगच सगळीकडे मारा. त्याआधी पानं नीट न्याहाळा. काळसर अंगावर नारिंगी ठिपके असलेली, बारीक मगरीसारखी दिसणारी अळी असेल तर ती ढालकिड्याचं पिल्लू आहे. ते मावा खातं. त्याला राहू द्या आणि फवारणी दोन दिवस थांबवा.

सुतळीचं टोक तोंडात

आता टोमॅटोला आधार बांधणाऱ्या माणसाकडे बघा. डाव्या हातात खोड, उजव्या हातात बांबू, आणि सुतळीचं टोक दातांत. गाठ आवळायची म्हणून मान झटकून दोरी ओढली जाते. नायलॉनची दोरी असेल तर ती दातावर घसरते आणि पटाशीच्या दाताच्या कडेचा टवका उडतो. हा टवका एरवी कुणाला दिसत नाही, पण जीभ दिवसभर तिथेच जात राहते. बियांचं पाकीट दातांनी फाडणं, पाइपचं घट्ट बसलेलं टोक दातांनी उपसणं, औषधाच्या बाटलीचं झाकण दाताखाली धरून फिरवणं, हे सगळं याच सवयीचं. बागेत दोन्ही हात मळलेले असतात म्हणून तोंड मदतीला येतं.

पाकीट दातांनी फाडण्यात आणखी एक धोका आहे. बाजारातलं पुष्कळ बियाणं बुरशीनाशक लावलेलं असतं. मका, मटार, घेवडा, भेंडी यांचे गुलाबी, निळे किंवा हिरवे दाणे तुम्ही पाहिले असतील. तो रंग औषध लावल्याची खूण म्हणून असतो. पाकिटाच्या कडेला त्याची भुकटी चिकटलेली असते आणि फाडताना ती सरळ ओठांवर येते. रंगीत बी उघड्या हाताने चिवडू नये, उरलेलं बी डाळ-कडधान्याच्या फडताळात ठेवू नये, आणि उरलं म्हणून शिजवून तर अजिबात खाऊ नये. बी हाताळून झालं की साबणाने हात धुवावेत, मगच चहा.

उपाय अगदी सोपा आहे. एक जुनी कात्री लांब नाडीला बांधून नाडीचं दुसरं टोक कमरेला किंवा बागेच्या पिशवीला अडकवून टाका. आणि टोमॅटोला सुतळी वापरूच नका. जुन्या बनियनच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवा. खोड आणि बांबू यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा द्या आणि सैल गाठ मारा. पट्टी मऊ असते, खोडाला काचत नाही, आणि गाठ बोटांनीच बसते व सुटते.

आधाराच्या काठ्यांबद्दलही सांगते. वाकून तण काढणाऱ्याच्या डोळ्याच्या नेमक्या उंचीवर या काठ्यांची टोकं असतात, आणि समोरून बघताना ती दिसत नाहीत. प्रत्येक काठीच्या टोकावर रिकामी छोटी बाटली उपडी घाला किंवा फुटका प्लास्टिकचा चेंडू खोचा. दहा मिनिटांचं काम आहे, ते आजच करा.

दात पडला तर

आमच्या इमारतीच्या गच्चीवर एका शाळकरी मुलाचा पाय पाण्याच्या पाइपात अडकला आणि तो सिमेंटच्या कुंडीच्या कडेवर तोंडावर आपटला. समोरचा कायमचा दात मुळासकट बाहेर. त्याच्या आजी तिथेच मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी मातीत पडलेला दात शोधला, वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलला, खालून अर्धा पेला दूध मागवून त्यात टाकला आणि मुलाला घेऊन थेट दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. अर्ध्या तासाच्या आत दात जागेवर बसला आणि शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला गेला. पुढे त्याला रूट कॅनाल करावं लागलं, पण दात त्याचा स्वतःचाच आहे.

हे सगळ्या घरांत माहीत असायला हवं, म्हणून सविस्तर सांगते. पडलेल्या दाताचा मुळाकडचा भाग हाताने धरायचा नाही. त्यावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो आणि दात पुन्हा रुजतो तो त्या थरामुळे. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने काही सेकंद हलकेच विसळा. घासू नका, साबण लावू नका, कापडाने पुसू नका. मूल मोठं आणि शांत असेल तर दात लगेच त्याच्या खाचेत सरळ बसवून स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. ते जमत नसेल तर थंड दुधात ठेवा. दूध नसेल तर छोट्या वाटीत त्याची स्वतःचीच लाळ घेऊन त्यात ठेवा. मोठ्या माणसाने दात गालाच्या आत धरला तरी चालतो. साध्या पाण्यात बुडवून ठेवू नका, त्या पेशी फुगून मरतात. कागदात गुंडाळलेला कोरडा दात तर तासाभरात बहुधा कामातून जातो. तासाभराच्या आत डॉक्टर गाठायचे, अर्ध्या तासात जमलं तर फारच उत्तम. दुधाचा दात पडला असेल तर मात्र तो परत बसवायचा नाही, खालून येणाऱ्या कायमच्या दाताला इजा होते. तरी मूल डॉक्टरांना दाखवा. आणि मार डोक्याला लागला असेल, उलटी झाली, झापड येऊ लागली तर दात बाजूला ठेवून आधी रुग्णालय.

गच्चीवरचं शेवाळ पावसाळा संपताच ब्रशने खरवडून काढा आणि पाणी घालून झालं की पाइप गुंडाळून खिळ्याला टांगा. कुंडी हलवायची तर पाणी घालण्याआधी हलवा. गोणपाटावर ठेवून ओढा, उचलू नका.

माती लागलेली जखम

ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी केली की साधारण दीड महिन्यात फुलं येतात, आणि छाटणीत बोटात काटा मोडणारच. खुरप्याने चिरलं, गंजलेली तार घुसली, काटा रुतला, या जखमा दिसायला लहान असतात. पण माती आणि शेणखतात धनुर्वाताचे जंतू सुप्तावस्थेत वर्षानुवर्षं टिकतात, आणि खोल, बारीक तोंडाची, हवा न लागणारी जखम त्यांना फार मानवते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली धुवा, आत राहिलेला काटा उकळत्या पाण्यातून काढलेल्या चिमट्याने काढा. माती, शेण, तंबाखू, चुना असलं काही त्यावर दाबू नका. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. एरवी दर दहा वर्षांनी एक घ्यायचं असतं. मळलेली जखम असेल आणि मधे पाच वर्षं उलटून गेली असतील तर डॉक्टर पुन्हा देतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते मिळतं. लहानपणी सगळ्या लसी झाल्या म्हणून साठाव्या वर्षी संरक्षण शिल्लक असतंच असं नाही.

याचा दातांशी संबंध आहे तो असा. धनुर्वाताची सुरुवात बहुतेकदा जबड्यापासून होते. जखमेनंतर साधारण तीन दिवस ते तीन आठवडे या काळात तोंड पुरतं उघडेनासं होतं, घास चावताना गालाचे स्नायू आवळतात, मान ताठते. अक्कलदाढ सुजली तरी तोंड उघडत नाही, त्यामुळे माणूस सरळ दातांच्या डॉक्टरांकडे जातो. तेव्हा आठवणीने सांगा: गेल्या महिन्यात बागेत अमुक लागलं होतं. त्या एका वाक्याने डॉक्टरांचा विचार योग्य दिशेला वळतो. आणि जबड्यासोबत मानही आखडत असेल, गिळताना त्रास होत असेल, तर वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जा.

संक्रांतीच्या आधी खुर्चीत बसा

बागेच्या वेळापत्रकात एक मोकळी जागा आपोआप येते. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी आटोपते, रोपं जागेवर बसतात, आणि मग डिसेंबरच्या मध्यापर्यंत फक्त पाणी घालायचं असतं. ते शेजारीही घालू शकतात. दातांच्या डॉक्टरांची वेळ या मधल्या दिवसांत घ्या. रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप यांना दोन-तीन आठवड्यांत विभागलेल्या अनेक बैठका लागतात. डिसेंबरच्या सुरुवातीला गेलात तर १४ जानेवारीच्या आत सगळं उरकतं. संक्रांतीच्या रात्री चिक्कीने अर्धी दाढ हातात आली तर पुढचे चार दिवस कुणीच जागेवर भेटत नाही.

सुगडात आपण जे भरतो, ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, ती सगळी याच हंगामाची भेट आहे आणि ती खायलाच हवी. फक्त कशी खायची ते आपल्या तोंडाकडे बघून ठरवा. समोर कॅप किंवा ब्रिज असेल तर ऊस दाताने सोलू नका. सुरीने सोलून करवे करा आणि दाढेने हलके चावून रस घ्या. रूट कॅनाल झालेली पण कॅप न बसवलेली दाढ ऊस-चिक्कीपासून पूर्ण दूर ठेवा. अशी दाढ ठिसूळ झालेली असते आणि उभी चिरली तर बहुधा काढावीच लागते. बोराची आठळी आणि पेरूच्या बिया कडकन चावू नका. हुरडा खाल्ल्यावर कोंड्याची सालपटं हिरडीत जाऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशी हिरडी सुजते. त्यासाठी पाण्याच्या खळखळून चुळा भरा, मग दोरा फिरवा. सेफ्टी पिन आणि काडेपेटीची काडी वापरू नका. रायगडकडची पोपटी मडक्यातून काढल्या काढल्या तोंडात घालू नये, टाळू भाजते. आवळा खाल्ल्यावर लगेच ब्रशही नको. आंबटाने दाताचा वरचा थर काही वेळ मऊ पडतो, म्हणून चूळ भरा आणि अर्ध्या तासाने घासा. घरात बोरन्हाण असेल तर बोरं, शेंगदाणे, हलवा आणि उसाचे तुकडे बाळाच्या तोंडात जाणार नाहीत याकडे एका माणसाने फक्त लक्ष ठेवावं. ते श्वासनलिकेत अडकतात. बाळासाठी चुरमुरे पुरेत, आणि तेही डोक्यावरून.

गार पाण्याने दात शिवशिवला की घाबरून जायचं कारण नाही, पण ती कळ कशी आहे ते नीट बघा. सणक आली आणि पाणी गिळताच गेली, तर बहुधा हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलंय. मऊ ब्रश, हलका हात आणि पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट दोन-चार आठवडे वापरून फरक पडतो. कळ मिनिटभर रेंगाळत असेल, गरम चहाने वाढत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर आतल्या नसेला सूज आहे आणि पेस्टने ती बरी होत नाही. चावताना नव्हे तर चावून तोंड उघडताना कळ मारत असेल तर दाढेला चीर गेल्याची शंका घ्या. हे तीन प्रकार वेगवेगळे सांगता आले तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती मनाने बंद करू नका, फक्त सांगा. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर दात काढण्याआधी हे सांगणं फार गरजेचं आहे, जबड्याचं हाड भरून यायला त्यांनी अडचण येऊ शकते. हृदयात कृत्रिम झडप असेल तर आधी प्रतिजैविक द्यावं लागतं. साखर असणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता आणि गोळी चुकवू नये. दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, ही समजूत मी शेकडो जणांच्या तोंडून ऐकली आहे. ती खरी नाही. वर्षानुवर्षं साचलेलं कीटण निघालं की त्यामागची फट जिभेला पहिल्यांदा जाणवते, एवढंच. उलट ते कीटणच हिरडीला आतून पोखरत असतं.

खर्चाची धास्ती असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर आहे. तिथे शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त जातो, खर्च खूप कमी येतो. डबा आणि वाचायला काहीतरी घेऊन जा.

दात काढला तर दोन दिवस बाग बंद. वाकून काम केलं, घमेलं उचललं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि खाच पुन्हा वाहू लागते. बोळा सांगितला तेवढा वेळ घट्ट चावून धरा. चोवीस तास थुंकू नका, जोरात चूळ भरू नका, स्ट्रॉने काही ओढू नका, कारण खाचेत गोठलेलं रक्त हीच तिथली मलमपट्टी असते. भूल उतरेपर्यंत गरम चहा नको, ओठ भाजला तरी कळत नाही. मिश्री आणि तंबाखू या दिवसांत तर नकोच, आणि सुटणार असेल तर हीच वेळ चांगली. दुखणं दुसऱ्या दिवशी कमी होऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी उसळून आलं तर परत जा, ती खाच उघडी पडलेली असते आणि औषध भरून लगेच आराम मिळतो. वेळ मिळेपर्यंत लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवायला हरकत नाही. वेदनेची गोळी हिरडीवर दाबून मात्र ठेवू नका, तिथली कातडी जळते. गाल सुजून ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड गेलं, तर ती रात्रीसुद्धा थांबण्याची गोष्ट नाही. तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दुखत नसला तरी दाखवा.

कोण खाणार आहे ते बघून लावा

बागेचा आराखडा करताना घरात कुणाला काय चावतं याचा विचार फार कमी जण करतात. कवळी लावणाऱ्या सासूबाईंसाठी जाड देठाची मेथी लावली तर त्या दोन घासांत ताट बाजूला सारतात. त्यांच्यासाठी पालक, चाकवत, कोवळा चुका आणि मुळ्याचा कोवळा पाला लावा. चाकवत हिवाळ्यात कुठेही येतो आणि ताकातली त्याची पातळ भाजी दाताशिवायही खाता येते. मेथी लावायचीच तर दाट पेरून चार-पाच इंचांची झाल्यावरच खुडा. गाजर बोटाएवढं असतानाच काढा, किसून वाफवा, वरून लिंबू. टोमॅटो पूर्ण पिकू द्या. मटार दाणा भरत असतानाच तोडा, एकदा पिठूळ झाला की तो चावायला आणि चवीलाही जड जातो. घरच्या बागेचा खरा फायदा हाच आहे. बाजारातली भाजी जून आहे की कोवळी हे आपल्या हाती नसतं, इथे कापणीचा दिवस आपण ठरवतो.

कवळी धुताना खाली पाणी भरलेलं तसराळं ठेवा, हातातून निसटली तर फुटत नाही. रात्री ती पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नव्हे, तिचा आकार बिघडतो. कवळीने हिरडी खुपत असेल तर घरी कानस लावू नका. डॉक्टर पाच मिनिटांत ती जागा घासून देतात.

जानेवारीच्या अखेरीस पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं, जवळपास असाल तर एक फेरी मारा, शेवंती आणि डेलियाचे प्रकार तिथे डोळे भरून बघता येतात. शेवंतीचा बहर ओसरला की फांद्या छाटा आणि बुडाशी आलेले नवे फुटवे वेगळ्या कुंडीत लावून ठेवा, पुढच्या वर्षीची रोपं तयार होतात. फेब्रुवारीत ऊन तापू लागलं की कोथिंबीर फुलावर येते. दोन-चार झाडं तशीच राहू द्या, धणे तपकिरी झाले की झाड कापून सावलीत उलटं टांगा, झाडलेले धणे कागदी पिशवीत भरून त्यावर महिना लिहा. रिकाम्या झालेल्या कुंड्यांत शेणखताची ओंजळ मिसळून भेंडी, गवार, काकडी टोकायला हेच दिवस योग्य आहेत. भेंडीचं बी रात्रभर भिजवलं तर लवकर उगवतं, फक्त ते रंग लावलेलं नाही ना एवढं आधी बघून घ्या. आणि डिसेंबरात अर्धवट राहिलेली एखादी कॅप असेल तर ती याच आठवड्यात बसवून घ्या, उन्हाळ्यात बर्फाचं पाणी सुरू होण्याआधी.